वेगाच्या रकान्यात काय लिहावं

"केवढा जड आहे मेला. एखाद्या दिवशी मनगट मोडेल माझं."

मित्रांनो, हा मेला म्हणजे मी. आणि कुरकुरणाऱ्या होत्या छापखान्याच्या टायपिस्ट बाई. मी एक जुना शब्दकोश आहे, इंग्रजी शब्दांचे अर्थ आपल्या भाषेत सांगणारा. वजनाला साडेतीन किलो भरतो. बाईंच्या जागी असतो तर मीही कुरकुरलो असतो.

छापखान्याच्या थोरल्या मालकांनी मला हौसेनं आणलं. पाहुणे आले की ते मला टेबलावर मांडून ठेवायचे, जणू धंदा मीच चालवतो. पुढे शब्द फोनमध्ये सापडू लागले, आणि वाऱ्यानं खिडकी आपटू नये म्हणून मला तिच्याशी टेकवण्यात आलं. माझ्या पुठ्ठ्यावर चहाच्या कपांची वर्तुळं आहेत. बाई म्हणतात, ती सगळी मुकादमांची.

तरी एका गोष्टीचा मला अभिमान आहे. सावकाशपणासाठी माझ्या पोटात ढीगभर इंग्रजी शब्द आहेत आणि प्रत्येकाचा स्वभाव मी ओळखतो. 'स्लो' साधा. गाडीला चालतो, घड्याळाला चालतो, माणसाला मात्र बोचतो. 'स्लगिश' तुंबलेल्या गटाराला शोभतो, नाहीतर जेवण अंगावर आलेल्याला. 'लीझरली' हा फिरायला निघालेल्यांचा, ज्यांची घरी कुणी वाट पाहत नाही. 'ग्रॅज्युअल' उतरत्या तापाचा. 'टार्डी' म्हणजे उशिरा येणारा, मग त्याचे हात विजेसारखे का चालेनात. आणि 'डेलिबरेट' घरंदाज. तो एकेक पाऊल विचार करून टाकतो.

मागच्या महिन्यात हेड ऑफिसातून कामगारांचे कागद आले. प्रत्येकाचा एक, इंग्रजीत भरायचा. त्यात एक रकाना वेगाचा. गेल्या वर्षी कटाईवाल्याच्या रकान्यात बाईंनी सरळ 'स्लो' लिहिलं, आणि महिन्याभरात त्याला घरी बसवलं. बाई तेव्हा दोन दिवस डबा न उघडताच परत नेत होत्या. म्हणून या वेळी शिलाईवाल्या काकांच्या कागदापाशी त्यांचं पेन अडलं.

काका बाइंडिंग खात्यातले सगळ्यात जुने. घडी घातलेल्या पानांचे गठ्ठे, म्हणजे फर्मे, सुईदोऱ्यानं शिवायचे हे त्यांचं काम. पूर्वी दिवसाला चाळीस पुस्तकं व्हायची, आता पंधरा होतात. मी खिडकीत असतो, मला समोरचं खातं दिसतं. काका यायच्या आत घडीवाली ताई दहा सुया ओवून ठेवते. एखादा फर्मा उलटा लागला, तर मुकादम जाता जाता गुपचूप सुलटा करतात. कुणी कुणाला काही विचारत नाही. काकाही नाही.

"स्लगिश?" बाईंनी माझं पान उलटलं.

"म्हणजे काय?" मुकादमांनी विचारलं.

"सुस्त."

"तोंडाला काही हाड? काका जेवायच्या सुट्टीतसुद्धा हात थांबवत नाहीत."

"मग लीझरली. निवांत."

"सहलीला आलेत का ते? एवढं जाडजूड पुस्तक, आणि एक बरा शब्द नसावा?"

"आहे की. डेलिबरेट. विचारपूर्वक काम करणारा."

"हां. हा ऐकायलाही भारी आहे. टाका."

मित्रांनो, मी तेव्हा अवघडलो. शब्द चांगला होता, माझ्याच पोटातला होता, पण काकांचा नव्हता, आणि हे त्या दोघांनाही ठाऊक होतं. तेव्हा माझी विनंती ऐका. माझी पानं दुमडू नका, माझ्यावर कप ठेवू नका, हे तर आहेच. पण एखाद्या माणसासाठी शब्द शोधायला माझ्याकडे याल, तर आधी घटकाभर त्या माणसापाशी बसून या. मी फक्त अर्थ सांगतो. कोणाला काय होतंय, ते मला कुठून कळणार?

बाईंनी शब्द लिहिला आणि काकांना सहीला बोलावलं. काका आले, खुर्ची चाचपून बसले.

"काय लिहिलंयत?"

"चांगलंच लिहिलंय, काका. विचारपूर्वक काम करता म्हणून."

"इथे सही करा," मुकादमांनी घाईनं बोट ठेवलं. "या रेघेवर. बाकीचं आम्ही बघतो."

काकांनी पेन घेतलं. ते रेघेच्या बरंच खाली टेकलं. बाईंनी हळूच कागद वर सरकवला. काकांना ते कळलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"विचार कसला करतोय मी, बाई," ते शांतपणे म्हणाले. "मला दिसत नाही."