चोर मी आहे

"बाबांना मागून हात लावू नकोस हं," आई फोनवर म्हणाली होती. "बाबाच आहेत ते, वाघ नाहीत," म्हणून मी हसण्यावारी नेलं.

खरं तर हे मला कुणी सांगायची गरजच नव्हती. मी प्रयोगशाळेत मेंदूतल्या राखणदार पेशींवर, मायक्रोग्लियावर, काम करते. एरवी त्या मेंदूतला कचरा खातात. बाबांना झालाय तसल्या विसरण्याच्या आजारात मात्र बिथरतात आणि मेंदूच्या पेशींमधले धडधाकट दुवेही कुरतडू लागतात. उंदराच्या मेंदूतून काढल्या की नुसत्या हाताळण्यानेही खवळतात. म्हणून आधी त्यांना शांत पडू द्यायचं, हे मीच नव्या मुलींना शिकवते.

त्या दुपारी माझ्या लेकीला, पिल्लूला, कडेवर घेऊन माहेरी गेले. बाबा खिडकीशी पाठमोरे बसलेले. मी लाडाने खांद्यावर हात ठेवला.

ते वळले ते मूठ उगारूनच. माझा ओठ फुटला. गळा धरून त्यांनी माझं डोकं कपाटावर आपटलं. "चोर! पोर पळवतेस?" जन्मभर सुतारकामात रंधा मारलेले हात ते, श्वासच कोंडला. पिल्लू घसरून पडली, किंचाळली, तसा त्यांनी तिचा दंड धरून ओढला.

"अहो!" आई आतून धावत आली. "तिला सोडा. चोर मी आहे. मला धरा."

पिल्लू सुटली. आईला त्यांनी केसांना धरून आडवं पाडलं, लाथा घातल्या, मनगट पिरगाळलं. कट्ट असा आवाज झाला. मग टॉवेलने तिला खुर्चीला करकचून बांधू लागले. दुसरा हात तिने आपणहून पुढे केला.

बाबा धापा टाकत समोर बसले. मला म्हणाले, "घाबरू नका ताई, सापडलाय चोर. बाळाला लागलं का हो?"

"पोरीला घेऊन बाहेर जा," आई पुटपुटली. "घटकाभरात विसरतात. मग स्वतःच सोडवतात, वर विचारतात, तुला कुणी बांधलं गं?"

"आई, कधीपासून चाललंय हे?"

"तुला सांगितलं असतं, तर त्यांना कुठे तरी नेऊन ठेवलं असतंस."

ठेवलंच मी त्यांना. आईचं मनगट वाकडं जुळलं. लोक अजून मला बाबांचंच विचारतात.

तुमच्या ओळखीत असं एखादं घर असेल. आजाऱ्याची चौकशी सगळेच करतात. तुम्ही त्याला सांभाळणारीला जरा बाजूला घ्या, आणि ती "काही नाही हो" म्हणाली, तरी लगेच उठू नका.