चासीची भोकं

आमच्या वडिलांनी, अण्णांनी, आपली निळी गाडी धाकट्या भावाला दिली, तेव्हा माझ्या डोक्यात जी तिडीक गेली ती उतरलीच नाही. गाडी माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी. तिच्याखाली अण्णांबरोबर तासन्‌तास आडवा पडलो तो मी, वेल्डिंग शिकलो तो मी, आणि किल्ली कुणाला, तर पाना मागितला की पक्कड आणून देणाऱ्याला. अण्णा म्हणाले होते, तुझ्या हाताखालून गाड्या जातच राहतील, त्याला ही एक असू दे. बोलणं खरं होतं. मला पटलं नाही.

तेव्हा त्या गाडीला गंज लागल्याचं ऐकून मला बरं वाटलं, हे आधीच सांगून टाकतो.

शनिवारी सकाळी धाकटा गाडी घेऊन माझ्या वर्कशॉपमध्ये आला. वरून गाडी अशी चकाचक की तिच्यात तोंड बघून घ्यावं. त्याची बायको म्हणते, मी गाडी असते तर बरं झालं असतं.

गाडी वर उचलली. गाडीचा सगळा भार पेलतात ते चासीचे दोन लांब पोकळ बार मी हातोडीनं ठोकत निघालो. पुढे खणखणीत आवाज आला, मागच्या चाकाजवळ तो बसला. तिथं स्क्रूड्रायव्हर टोचला तर मुठीपर्यंत आत गेला. तांबडा भुगा पडला आणि मागोमाग गार पाणी माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं.

बारमध्ये पाणी कुठून ना कुठून शिरतंच. ते निघून जावं म्हणून तळाला करंगळीएवढी भोकं असतात. अण्णा दर वर्षी तार घालून ती मोकळी करायचे. आता त्यांत काळं डांबरी कोटिंग गच्च बसलं होतं.

कोटिंग माझंच होतं. चार वर्षांपूर्वी, किल्ली धाकट्याला मिळाली त्याच आठवड्यात, गंज लागू नये म्हणून अण्णांनी ते मला मारायला सांगितलं होतं. मारण्याआधी भोकांत लाकडी खुंट्या ठोकायच्या आणि वाळल्यावर काढायच्या, हे मी झोपेतही करेन. त्या दिवशी ठोकल्या नाहीत. भोकं बुजताना दिसली. तार हातात घेतली आणि परत खिळ्याला अडकवली. म्हटलं, त्याची गाडी, तो बघेल.

भुगा बघून धाकट्याचं तोंड उतरलं. सगळा दोष त्यानं स्वतःकडे घेतला. दर रविवारी धुतो, त्यानंच सडली असेल, म्हणाला. मग किल्ली टेबलावर ठेवली.

"दादा, ही तूच ठेव. अण्णांचं चुकलंच. मी सांगतो त्यांना."

चार वर्षं मी या वाक्यासाठी जळत होतो. आता फक्त गप्प बसायचं होतं. सडलेला भाग कापायचा, नवा पत्रा जोडायचा, गंज रोखणारा रेड ऑक्साइड मारायचा, आतून नळीनं मेण फवारायचं, की गाडी माझी. ती कुठे उभी करायची तेही मी मनात ठरवलं. किल्लीकडे हात नेला.

धाकटा वाकून भोकांकडे बघत होता. "तू हे कोटिंग मारलंस तेव्हा मी इथंच उभा होतो," तो म्हणाला. "विचारणार होतो, ही भोकं बुजली तर चालतात का. मग म्हटलं, दादा करतोय म्हणजे बरोबरच असणार."

माझा हात तिथंच थांबला.

"चालत नाहीत," मी म्हणालो. "आणि ते मला तेव्हाही माहीत होतं."

त्यानं चार शिव्या दिल्या असत्या तर मी सुटलो असतो. त्यानं नुसती किल्ली उचलून खिशात टाकली आणि काम किती दिवसांचं आहे ते विचारलं. दोन आठवडे, मी म्हणालो.

"मी रोज येईन. सगळं शिकव मला," तो म्हणाला. "पुढच्या वेळी माझं मला कळलं पाहिजे."

अण्णांकडून मला मिळालेलं आणि त्याला न मिळालेलं, असं हे कसब एवढंच होतं. तेही आता त्याला द्यायचं होतं, आणि माझ्याच हातानं.