फुलं आधी आली

पारा अठ्ठावीसवर थांबला होता, काचेवर कुणाच्या तरी बोटाची तेलकट खूण होती — बाईंनी ती रुमालाने पुसली, पुन्हा पाहिलं, पुन्हा अठ्ठावीसच. वहीत याच आठवड्याची दहा वर्षांची सरासरी तेवीस. एका दिवसाच्या उकाड्याला हवामानबदल म्हणत नाहीत, हे मुलांना तीनदा सांगून झालं होतं. तरीही तो आकडा लिहिताना त्यांना बरं वाटलं. आकडे बाईंना आवडत. आकड्यांना नातेवाईक नसतात.

नातेवाईक समोर, ओढ्याच्या काठी, चपला काढून, पाण्यात पाय सोडून बसली होती. नऊच्या बसने आली होती आत्या, डोंगरावरून — वडिलांची थोरली बहीण. भोवती बावीस मुलं, प्रत्येकाच्या मांडीवर पाच रकान्यांचा कागद. सहलीच्या अर्जात ‘पाहुण्यांचा परिचय’ या जागी बाईंनी सुबक अक्षरात लिहिलं होतं : मूळ रहिवाशांपैकी एक जाणकार. खोटं त्यात एक अक्षर नव्हतं. तीच तर त्या वाक्याची हुशारी होती.

“आजी, तुम्ही सांगा ना मुलांना — मासे ओढ्यातून वर कधी चढणार, हे तुमच्याकडे कसं ओळखतात?”

तुम्ही! जन्मभर हिच्या तोंडून ‘तू’ ऐकलेल्या आत्याने मान वर केली, बाईंकडे क्षणभर पाहिलं आणि ओठ दाबून नजर पाण्याकडे वळवली… हसतेय. नक्की हसतेय.

उत्तर मात्र नाही. डोंगरावर तशी रीतच होती : विचारणाऱ्याने आधी आपण काय पाहिलं ते सांगायचं, मग मोठ्या माणसाने त्यात भर घालायची. नुसताच प्रश्न घेऊन येणाऱ्याला उत्तर न देता शेजारी बसवून घेत. त्यात अपमान नसे. हे बाईंना ठाऊक नसेल तर कुणाला? पण झाडाखाली मोठे सर उभे होते, तासाच्या सुरुवातीपासून दोनदा घड्याळ बघून झालं होतं, आणि ‘हे बाहेरचे वर्ग चालू ठेवायचे की नाही ते आज ठरवू’ असं ते फार गोड शब्दांत म्हणाले होते. तेव्हा शांततेला घाबरणारा कुठलाही शिक्षक करतो तेच बाईंनी केलं. स्वतःच्या प्रश्नाचं स्वतःच उत्तर देऊन टाकलं.

“ही पांढरी फुलं उमलली की आठ दिवसांत मासे वर येतात. हो ना, आजी?”

बावीस पेन्सिली धावल्या. एकवीस, खरं तर. वर्गात जिला सगळे ‘चौकशी खिडकी’ म्हणत, ती मुलगी कागद सोडून ओढ्यात उतरली होती.

“पण बाई, फुलं तर गळायलासुद्धा लागली. खाली सडा पडलाय. आणि पाणी माझ्या घोट्याएवढंही नाही. मासे काय चालत येणार?”

वर्ग फिदीफिदी हसला. आत्याने बाजूच्या दगडावर थाप मारली.

“ये गं, बस इथे. बाई सांगतात ते माझ्या लहानपणी खरं होतं. आता फुलं तीन आठवडे आधीच येतात. पाणी आपल्या वेळेलाच येतं, कधी त्याहून उशिरा. आणि मासा पाण्याचं ऐकतो, झाडाचं नाही.”

“मग आता ओळखायचं कसं?”

“मला नाही माहीत. चार वर्षं झाली, नवी खूण शोधतोय आम्ही. माझा भाऊ असता तर त्याला विचारलं असतं. त्याची नजर माझ्याहून तीक्ष्ण.”

भाऊ… टपाल कचेरीच्या जाळीमागे उभा जन्म काढलेला, घरात आपली भाषा बोलायची नाही असा स्वतःच नियम करणारा तो माणूस — रोज सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभा राहून शेजारच्या झाडाकडे टक लावायचा. ‘काय बघताय, बाबा?’ ‘काही नाही, बस आली का बघतो.’ त्या खिडकीतून रस्ता दिसत नव्हता. मी कधी विचारलंच नाही पुढे. विचारायला हवं होतं…

“छान!” मोठे सर पुढे आले. “आजी, आमच्या बाईंची तुमची ओळख कुठली?”

“आल्या होत्या एकदा वर, पाऊस मोजायला,” आत्या सहज म्हणाली. “गुणी बाई आहेत हो.”

किती सफाईने! सराव होता म्हणा. अकरा वर्षांची असताना दारात उभ्या मैत्रिणीला हीच गुणी बाई म्हणाली होती, ‘त्या होय? असंच कुणीतरी.’ आत्याने ऐकलं होतं. त्यानंतर ती मागच्या दाराने येऊ लागली, दर खेपेला हिच्यासाठी रिबिनी घेऊन. केस विंचरताना डोंगरावरच्या भाषेत काहीबाही गुणगुणायची, आणि रिबीन बांधून झाली की डोक्यावर एक टपली.

“आजी, तुमच्या भाषेत या फुलाला काय म्हणतात?” खिडकी काही बंद होत नव्हती.

आत्याने सांगितलं. शब्द छोटाच, पण मधला आवाज पार घशाच्या तळातून यायचा. मुलांनी प्रयत्न केले. ओढ्याकाठी जणू सामुदायिक गुळण्या सुरू झाल्या. सरांनीही एकदा घसा खाकरून पाहिला. आणि त्या गोंधळात बाईंच्या तोंडून, काही ठरवण्याआधीच, तो शब्द निघाला — अख्खा, घशासकट.

गुळण्या थांबल्या. पाण्यातले आत्याचे पाय थांबले.

“बाई,” चौकशी खिडकी म्हणाली, “तुम्हाला कसं जमलं?”

सर बघत होते. आत्या मुद्दाम बघत नव्हती. आता घाबरायला हवं, असं बाईंना वाटलं. त्यांनी आत चाचपून पाहिलं… जिथे भीती असायची तिथे काहीतरी कोवळं, ओलसर, विंचरलेल्या केसांच्या वासाचं होतं. फक्त तो शब्द पुन्हा एकदा म्हणावासा वाटत होता — या वेळी ठरवून.