बर्फपेटी आणि आईचं नाक

मित्रांनो, मी एक जुनी बर्फाची पेटी आहे आणि आज मी भयंकर चिडलेली आहे. माझ्यासारख्या जुन्या वस्तू आपली कहाणी हळहळत सांगतात म्हणे. माझ्याकडून तशी अपेक्षा ठेवू नका.

माझा जन्म मेडेलीन शहरातल्या एका कारखान्यात झाला. बाहेरून निळं प्लास्टिक, आत थर्माकोल, वर घट्ट झाकण. बसथांब्यावर आइसकांड्या विकायला माझा उपयोग होई. मुलं माझ्याभोवती नाचत. काय सुखाचे दिवस होते ते! मग दियोसेलिना नावाच्या नर्सबाईंनी मला विकत घेतलं आणि माझ्या पोटात रक्ताच्या नळ्या आल्या. खेचरावर बांधून त्या मला अँटिओकिया प्रांताच्या डोंगरातल्या एका वस्तीत नेत. पहिल्या दिवशी मुलं कांडीच्या आशेने धावत आली आणि सुई बघून रडत पळाली. ते मला फार लागलं.

त्या वस्तीत विसरण्याचा आजार होता. चाळिशी उलटली की धडधाकट माणसं आधी चुलीवरचं दूध विसरत, मग घरची वाट, शेवटी पोटची पोरं. शहरातले डॉक्टर त्याला अल्झायमर म्हणत, वस्तीतले लोक नुसतं ‘खूळ’ म्हणत. डॉक्टरांना कळलं होतं, की इथे हा दोष रक्तातून उतरतो. आईला किंवा बापाला असला, तर प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी. छापा की काटा, तसं.

पण वस्तीचं शास्त्र निराळं. ज्याचा चेहरा घरातल्या आजारी माणसासारखा, खूळही त्यालाच लागणार! बाळ जन्मलं की आधी त्याचं नाक बघायचे. डोंगराएवढी चूक ही, पण बोलणार कोण?

एउकारिसबाईंना खूळ लागलं तेव्हा त्यांची मुलगी रुबिएला बावीस वर्षांची होती. तिचं नाक हुबेहूब आईचं, बाकदार. थोरला भाऊ ओविदिओ बापाच्या वळणावर गेलेला. तो सारखा चिडवायचा, "रुबी, आईचं नाक घेतलंस, आता डोकंही घे!" सगळे हसायचे. ती हसायची नाही.

आर्नुल्फो नावाचा कॉफीचा मळेवाला तिला मागणी घालायला आला होता. तिने त्याला दारातूनच परत पाठवलं.

"माझं नाक बघितलंस ना? मग जा. उद्या तुझंच नाव विसरेन मी."

ओविदिओचं मात्र थाटात लग्न झालं. चार मुलं झाली. आईला भरवणं, धुणं, शोधून आणणं रुबिएलाच्या गळ्यात पडलं.

मित्रांनो, आईला खूळ लागलं त्याच वर्षी तिचं आणि ओविदिओचं रक्त मी माझ्या पोटातून शहरात नेलं. उत्तर तिथे कळलं आणि कपाटात बंद झालं. नियमच तसा होता. कुणाला काही सांगायचं नाही, माणसं खचतील, जिवाचं बरंवाईट करून घेतील. ती भीती खोटी नव्हती, हे मी कबूल करते. पण तिला कुणी विचारलं का? वीस वर्षं मी भरलेली गेले आणि रिकामी परत आले. दर वेळी ती हजेरी लावल्यासारखा हात पुढे करी आणि विचारी, "बाई, काही कळलं?" बाई नळीवर चिठ्ठी चिकटवत. माझं झाकण आपटावंसं वाटे, पण पेटीचं कोण ऐकतं!

एउकारिसबाई गेल्या. पुढच्या खेपेला रुबिएलाने हात मागे घेतला.

"आधी उत्तर. मग रक्त."

"अगं, नियम आहे..."

"नियम गेला चुलीत! रक्त माझं, आयुष्य माझं, आणि उत्तर तेवढं तुमचं? विसरण्याआधी मला कळू द्या."

दियोसेलिनाबाई त्या दिवशी मला रिकामीच घेऊन परतल्या आणि वरिष्ठांशी कडाकडा भांडल्या. वर्षभर भांडल्या. शेवटी ज्याला हवं त्याला सांगायचं, असं ठरलं.

मग एका सकाळी माझ्या पोटात एक पाकीट ठेवलं गेलं. आयुष्यात पहिल्यांदा मी वस्तीकडे काहीतरी घेऊन निघाले होते! स्वयंपाकघरात ओविदिओ राजम्याचं भांडं ढवळत होता. बाईंनी कागद उलगडला.

"रुबिएला, तुझ्यात तो दोष नाही. कधीच नव्हता."

ती हसली नाही, रडली नाही. नाक चाचपत बसली. मग एकदम ओरडली, "वीस वर्षं! वीस वर्षं तुम्ही माझं आयुष्य कपाटात कोंडून ठेवलंत!" बाई रडू लागल्या. मलाही तोंड लपवावंसं वाटलं. उत्तर मीच तर वाहून नेलं होतं.

"बघ, मी म्हणत नव्हतो? उगाच घाबरायचीस," ओविदिओ म्हणाला आणि भांड्यात मूठभर मीठ टाकलं.

"दादा, आत्ताच तर टाकलं होतंस."

"कधी?"

"आत्ता. दोनदा."

तो मिठाच्या भांड्याकडे बघत राहिला. अंगणात त्याची धाकटी खेळत होती. तिचं नाक आत्याचं, म्हणजे आजीचंच. सगळे तिला त्यावरून चिडवत, आणि पहिला चिडवणारा बापच.

ओविदिओने पळी खाली ठेवली.

"बाई, पुढच्या खेपेला माझंही पाकीट आणा." मग बहिणीकडे न बघता म्हणाला, "रुबी, पोरीच्या नाकावरून आता कुणी बोलायचं नाही."

रुबिएलाचा राग गेला नव्हता. तरी तिने त्याच्यापुढचं मिठाचं भांडं काढून घेतलं आणि त्याला आपल्या शेजारी बसवलं.

मित्रांनो, आता माझ्या झाकणाला तडा गेलाय, बर्फ लवकर वितळतो. मला जपा असं मी म्हणत नाही. कुणाचं रक्त घेतलंत, तर ज्याचं त्याला उत्तर हवंय का, ते विचारून तरी बघा. मी उद्या शहरात निघाले आहे. ओविदिओचं पाकीट घेतल्याशिवाय या वेळी मी परत येणार नाही.