बुबुळावरचं फूल

शिवणकाम करणाऱ्या आईने लेकीचा लाल डोळा दाखवला, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "हिला जंत होतात का?"

"डोळा दुखतोय हो, पोट नाही!" आई फणकारली. बाई आपल्या घराला घाणेरडं ठरवतायत, असं वाटून तिने लेकीला जंताच्या गोळ्या दिल्याच नाहीत. नुसते थेंब घालत राहिली. डोळा निवळायचा, पुन्हा लाल व्हायचा. लेक उजेडाकडे पाठ करून बसायची. शेवटी बुबुळाच्या मधोमध पांढरं फूल पडलं.

"पोटातल्या जंतांच्या ॲलर्जीनेही डोळा असा चिडतो," बाईंनी समजावलं.

आता आईने गोळ्या दिल्या. जंत पडले, लाली गेली, फूल मात्र राहिलं.

"आई, त्या डोळ्याने तू पुसट दिसतेस," लेक म्हणाली.