मागचं दार

"काका, त्या रडणाऱ्या बाईंना जरा पाणी नेऊन द्या. आणि सिनेमा सुटताना आज मागचं दारही उघडा," मॅनेजर म्हणाला. "गर्दी बघताय ना? पुढं चेंगराचेंगरी व्हायची."

बॅटरीकाकांनी पाणी दिलं. दाराचं मात्र ऐकून न ऐकल्यासारखं केलं. बावीस वर्षं अंधारात बॅटरी धरून लोकांना खुर्च्या दाखवण्यात गेली, म्हणून हे नाव. खरं नाव फक्त मतदानाच्या दिवशी वापरात येतं, असं मॅनेजर चेष्टेनं म्हणायचा.

मागचं दार गल्लीत उघडायचं. गल्लीत सात घरं, आणि पडद्यावर घरं पेटवणारे ज्या धर्माचे, त्याच धर्माची ही सातही. आठवडाभर तोच सिनेमा चालू होता, एका मुलखातून रातोरात हुसकावलेल्या मूठभर हिंदूंचा. काका त्या मूठभरांतलेच. हे मॅनेजरलाही ठाऊक नव्हतं. सिनेमा खोटा, असं त्यांना म्हणता येईना; तसं घडलं होतंच. पहिल्या दिवशी दहा मिनिटं पाहिला, आणि तेव्हापासून पडद्याकडे पाठ करून ते प्रेक्षकांची तोंडं बघत उभे राहायचे.

पहिले दोन दिवस लोक डोळे पुसत मुकाट घरी गेले. तिसऱ्या दिवशी कुणीतरी घोषणा दिली. काल तर शेवटच्या रांगेतल्या खुर्च्यांचे लाकडी हात उपटून नेले. ते कशाला लागतात, हे काकांना कुणी समजावून सांगायला नको होतं.

म्हणून सकाळीच ते गल्लीतल्या घड्याळवाल्याकडे जाऊन आले होते.

"आज दुपारी घरच्यांना घेऊन लेकीकडे जा बाबा."

घड्याळवाल्यानं डोळ्यावरचं भिंग काढलं. "अरे, सून बाळंत होऊन आठ दिवस झालेत. तिला कुठं हलवू? आणि लोक रडतात, असं तूच सांगतोस ना? मग घाबरतोस काय! रडणारा माणूस कुणाच्या अंगावर धावून जात नाही."

काकांच्या घरावर त्या रात्री जे चालून आले होते, तेही कुठल्याशा सभेत आपल्या माणसांच्या हालांची कहाणी ऐकून आले होते. सगळ्यांत पुढच्याचे डोळे रडून सुजले होते. हे त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. सांगून कोण विश्वास ठेवणार?

सिनेमा संपला. दिवे लागले तरी कुणी उठेना. मग एक आवाज उठला, आणि सगळा लोंढा मागच्या दाराकडे वळला. काका कुलपाला पाठ लावून उभे राहिले.

"दार उघडा, काका."

"पुढून जा. पुढचं उघडंच आहे."

"आम्हाला इकडूनच जायचंय. काय केलं त्यांनी, बघितलं नाहीत?"

"बघितलंय." काकांना स्वतःचाच आवाज परका वाटला. "सिनेमात नाही. मी तिथलाच आहे. माझा थोरला भाऊ तिथंच मारला गेला. म्हणून हात जोडून सांगतो, पुढून जा. या गल्लीतल्यांनी काही केलेलं नाही रे. बाळंतीण आहे इथं."

लोंढा जागच्या जागी थांबला. जिंकलो, असं काकांना क्षणभर वाटलं. पुढच्या चष्मेवाल्याचा चेहरा पिळवटला.

"काका! तुम्ही तिथले?"

त्यानं काकांना मिठी मारली आणि तो ओक्साबोक्शी रडू लागला. रडणं खरं होतं. काकांचा सदरा खांद्यावर भिजला. इतक्या वर्षांत त्या भावासाठी परकं माणूस कुणी रडलं नव्हतं. काकांचेही डोळे भरून आले. त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

तेवढ्यात त्यांच्या कमरेच्या पट्ट्याला हिसका बसला. किल्ल्यांचा जुडगा गेला.

"अरे, नको! नको रे!" काका सुटायला धडपडले. पण मिठी घट्ट होती. मिठीतच त्यानं त्यांना दोन पावलं बाजूला घेतलं.

"तुमच्यासाठीच, काका," तो हुंदके देत म्हणाला. "तुमच्यासाठीच."

दार उघडलं. दुपारचं ऊन आत आलं आणि माणसं भराभर गल्लीत उतरू लागली. जाता जाता जो तो काकांच्या खांद्यावर हात ठेवून पुढं जात होता.