लेझीमची गाडी

गणपतीच्या लेझीमचा सराव म्हटला की गाणं वाजणार ते श्यामकांतच्या गाडीतून, हे फरीदाबादच्या त्या सोसायटीत सात वर्षं ठरलेलं होतं. मराठी घरं मोजून अकरा. रविवारी सकाळी सगळे पार्किंगमध्ये जमत आणि श्यामकांत गाडीची चारी दारं उघडून स्टिरिओ लावी. ऑफिसात त्याला कुणी हिंग लावून विचारत नसे, पण इथे मान होता!

आणि मग कुठून तडमडले ते राजाभाऊ. फौजेतून निवृत्त, गाडी नवीकोरी. दोन रविवार झाले, लेझीम त्यांच्याच गाण्यावर. श्यामकांतची स्वतःची मुलगी उत्तरासुद्धा म्हणाली, "बाबा, अंकलच्या गाडीचा बेस एकदम मस्त आहे यार!" त्याच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

वर राजाभाऊंचा सल्ला. "उभ्या गाडीत गाणी लावली की बॅटरी उतरते हो. मी मधूनमधून दहा मिनिटं इंजिन चालू ठेवतो."

"मला शिकवतायत!" श्यामकांत घरी फणफणला. "सात वर्षांत माझी गाडी एकदा तरी बंद पडली का?"

"तुम्ही अर्धाच तास वाजवायचात," त्याची बायको अलका म्हणाली.

पुढच्या रविवारी तो साडेसहालाच जागा धरून बसला. आवाज पूर्ण, शिवाय बॉनेटवर रोषणाईची माळ. दोन तास झाले. इंजिन सुरू करावं असं त्याला दोनदा वाटलं, पण केलं तर राजाभाऊ खरे ठरणार! मेलो तरी करणार नाही, म्हणाला मनाशी.

ऐन रंगात गाणं रडकं झालं आणि थांबलं. किल्ली फिरवली तर नुसतं टक्‌ टक्‌.

राजाभाऊ केबल घेऊन आले, दोन्ही बॅटऱ्या जोडल्या, गाडी सुरू करून दिली. "आता बंद करू नका. बायपासवर पाऊण तास फिरवून आणा, चार्ज होईल. इकडचं मी बघतो."

"उत्तरा, येतेस?"

"बाबा, प्रॅक्टिस आहे ना!"

तो एकटाच निघाला. मागून राजाभाऊंच्या गाडीतला ढोल घुमायला लागला. आवाज खरंच चांगला होता मेल्याचा, आणि तेच तर झोंबत होतं.

बायपासवर अलकाचा फोन आला. "राजाभाऊंना नाश्त्याला बोलावलंय, येताना दूध आणा. आणि दुकानापाशी गाडी बंद करायची नाही, असं म्हणालेत ते."

दुकान आलं. श्यामकांतने दात-ओठ खात इंजिन चालूच ठेवलं आणि हॉर्न वाजवून दूधवाल्याला गाडीपाशी बोलावलं.